लग्नाचे फोटो एडिट करायला डेस्कटॉप कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं लग्न, मुंज, बारसं अशी कामं करणाऱ्या फोटोग्राफरना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कॅमेरा २४ ते ४५ मेगापिक्सेलचा, रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न झालेली) लाइटरूम क्लासिकमध्ये, रिटचिंग आणि अल्बमची शीट फोटोशॉपमध्ये, छपाई बाहेरच्या लॅबमध्ये असं काम गृहीत धरलं आहे. मुख्य काम व्हिडिओचं असेल तर हिशेब वेगळा पडतो. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण रॅम आणि एसएसडीचे भाव दोन कोटेशनच्या मधल्या आठवड्यातही हलतात.

सगळ्यात आधी पैसे कशावर घालायचे?

मॉनिटरवर. त्यानंतर रॅम आणि एसएसडी, मग प्रोसेसर, आणि सगळ्यात शेवटी ग्राफिक्स कार्ड. दुकानात कोटेशन बहुधा उलट्या क्रमानं बनतं. असेंबल्ड मशीन मागणारी बरीच गिऱ्हाइकं गेमिंगवाली असतात, त्यामुळे आधी कार्ड ठरतं, मग त्याला साजेसा प्रोसेसर, आणि उरलेल्या पैशांत बसेल तो मॉनिटर. प्रोसेसर हळू असला तर अल्बम उशिरा जातो. मॉनिटर रंग खोटे दाखवत असला तर अल्बम परत येतो. एकूण बजेटचा साधारण तिसरा हिस्सा मॉनिटर आणि कॅलिब्रेटरसाठी (पडद्याचे रंग मोजून जुळवणारं उपकरण) बाजूला काढून ठेवा आणि मगच दुकानात जा. हा खर्च पुढच्या मशीनलाही चालतो, चांगला मॉनिटर दोन कॉम्प्युटर सहज पुरतो.

आत्ताचं मशीन अडतंय. नवं घ्यावं की यातच भर घालावी?

आधी ते कुठे अडतंय ते बघा. रोजचं काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या टॅबवर जा. अल्बमची शीट उघडी असताना मेमरी ९० टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडते आहे. डिस्क सतत १०० टक्के दाखवत असेल आणि ती फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर एका एसएसडीनं मशीन ओळखू येणार नाही इतकं सुधारेल. एक्सपोर्टच्या वेळी प्रोसेसर १०० टक्के होणं हा दोष नाही, त्यानं तसंच करायचं असतं. मात्र नुसता एक्सपोजरचा स्लायडर ओढताना तो छताला टेकत असेल आणि चित्र मागून येत असेल, तर प्रोसेसरचं वय झालं.

एक गोष्ट मात्र भर घालून सुटत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. चौथ्या-सहाव्या पिढीच्या आय५ मध्ये आज पैसे ओतू नका. फार तर एसएसडी घ्या, ती पुढच्या मशीनमध्ये काढून लावता येते.

मॉनिटर किती इंची आणि कोणत्या रिझोल्यूशनचा घ्यावा?

२७ इंच, २५६० बाय १४४०, आयपीएस पॅनल. बहुतेकांसाठी इथेच थांबावं. या मापात इंचाला १०९ पिक्सेल येतात, अक्षरं न वाढवता सगळे पॅनल नीट वाचता येतात आणि मशीनवर ताणही कमी पडतो. २४ इंची फुल एचडीमध्ये इंचाला ९२ पिक्सेलच येतात. त्यावर लाइटरूमचे दोन्ही बाजूंचे पॅनल उघडले की मधे फोटोला पोस्टकार्डाएवढी जागा उरते. २७ इंची ४के वर इंचाला १६३ पिक्सेल मिळतात आणि फोटो सुंदर दिसतो, पण विंडोजचं स्केलिंग १५० टक्क्यांवर ठेवावं लागतं, आणि प्रत्येक स्लायडरमागे मशीनला सव्वादोन पट पिक्सेल पुन्हा रंगवावे लागतात. शार्पनिंग तपासताना ४के एक फसवणूकही करतं: सगळंच इतकं बारीक दिसतं की किंचित हललेला फोटोही निवडीत सुटून जातो. ४के घेतलंत तर फोकस २०० टक्क्यांवर तपासायची सवय लावा.

वक्राकार मॉनिटर नको. सरळ क्षितिज आणि मंडपाचे खांब त्यावर तपासताच येत नाहीत. १४४ हर्ट्झ, १ मिलिसेकंद हे आकडे गेमिंगचे आहेत, त्यांचे पैसे देऊ नका. बॉक्सवर बघायचं ते तीन ठिकाणी: पॅनल आयपीएस आहे का, एसआरजीबी, म्हणजे रंगांचा नेहमीचा ठरलेला संच, किती टक्के (९९ ते १०० हवं), आणि कारखान्यातून तपासून आल्याचा डेल्टा ई, म्हणजे रंगातल्या चुकीचं माप, दिला आहे का (२ च्या खाली). आसुसचा प्रोआर्ट पीए२७८क्यूव्ही हे या वर्गाचं नेहमीचं उदाहरण. त्याच्या वर डेलचे अल्ट्राशार्प, बेनक्यूची एसडब्ल्यू मालिका, आणि अगदी वर एझोचे कलरएज.

एसआरजीबी पुरतं की अडोबी आरजीबीचा मॉनिटर हवा?

अडोबी आरजीबी हा एसआरजीबीपेक्षा मोठा रंगसंच. लॅब कोणती फाइल मागते ते आधी विचारा. अल्बमच्या बहुतेक लॅब एसआरजीबीतलं जेपेग मागतात. तसं असेल तर अचूक एसआरजीबी मॉनिटर पुरेसा आहे. आर्ट पेपरवर स्वतः इंकजेट प्रिंट काढणार असाल, तर अडोबी आरजीबीचे जादा पैसे वसूल होतात.

फरक नेमका कुठे दिसतो ते पैठणीवर बघा. मोरपंखी काठात हिरव्या-निळ्याच्या मधल्या ज्या छटा असतात, त्यांतल्या गडद छटा एसआरजीबीच्या बाहेर पडतात. त्या मॉनिटरवर काठातला मोर आणि मागचं रेशीम एकाच रंगाचा डाग होऊन बसतात. फाइलमध्ये तपशील असतो, पडद्यावर नसतो. लाइटरूमच्या डेव्हलप विभागात 'एस' ही कळ दाबली की सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे छपाईची पडद्यावरची चाचणी, चालू होतं. तिथे प्रोफाइल एसआरजीबी निवडा आणि हिस्टोग्रामच्या कोपऱ्यातलं चिन्ह दाबा, म्हणजे सीमेबाहेर गेलेला भाग रंगवून दाखवला जातो.

हळदीच्या फोटोंचं उलटं होतं. ऊन, पिवळे कपडे, पिवळा मंडप आणि हळद माखलेला चेहरा असं सगळं एकत्र आलं की लाल चॅनल वर टेकतो, निळा तळाला जातो आणि गालावरची त्वचा सपाट होते. स्वस्त पॅनलवर हे नुसतं 'फार पिवळं' दिसतं, म्हणून हात आपोआप सॅच्युरेशन खाली ओढतो. प्रिंटमध्ये मग नवरी आजारी दिसते.

रुंद गॅमटच्या, म्हणजे जास्त रंग दाखवणाऱ्या मॉनिटरचा एक त्रासही आहे: रंग-व्यवस्थापन न करणारी अ‍ॅप्स त्यावर सगळंच भडक दाखवतात. तो घेतलात तर त्याचा एसआरजीबी मोड कुठल्या बटणावर आहे ते शिकून घ्या. आणि अडोबी आरजीबीतलं जेपेग एसआरजीबी धरून चालणाऱ्या लॅबला पाठवू नका. रंग मरगळून येतात आणि दोष लॅबच्या माथी जातो.

कॅलिब्रेटर लागतोच का? आणि प्रिंट पडद्यापेक्षा काळपट का येते?

दोन्हींचं उत्तर बरंचसं एकच. नवा मॉनिटर बॉक्समधून निघतो तेव्हा ब्राइटनेस जवळपास पूर्ण असतो, म्हणजे २५० ते ३५० निट्स (उजेडाचं माप). त्या झगमगाटात फोटो उजळ दिसतो, आपण एक्सपोजर खाली ठेवतो आणि कागदावर तो काळा येतो. छपाईच्या कामाला १०० ते १२० निट्स पुरतात. पहिले दोन दिवस पडदा मंद वाटेल, मग डोळे सरावतात.

डेटाकलरचा स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं उपकरण घ्या. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, खोलीतला दिवा रोज असतो तसाच ठेवा, लक्ष्य डी६५ (पांढऱ्याची छटा), गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजेड), ब्राइटनेस ११० च्या आसपास द्या. उपकरण सांगेल तेव्हा मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी ब्राइटनेस जुळवा आणि शेवटी तयार झालेलं आयसीसी प्रोफाइल (मॉनिटरच्या रंगांची नोंद) सेव्ह करा. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. एकट्याला परवडत नसेल तर गावातल्या तीन-चार फोटोग्राफरनी मिळून एक घ्यावं. ते महिन्यातून अर्धा तासच लागतं. फक्त त्याचं सॉफ्टवेअर किती मशीनवर चालतं ते आधी बघा.

खोलीकडेही बघा. मागची भिंत गुलाबी असेल आणि डोक्यावर निळसर एलईडी असेल, तर कॅलिब्रेशनचा निम्मा उपयोग वाया. भिंत फिकट राखाडी किंवा पांढरी, खिडकी पडद्याच्या समोर नाही आणि पाठीमागेही नाही, बाजूला. विंडोजचा नाइट लाइट आणि मॉनिटरचा 'डोळ्यांना आराम' मोड बंद.

रॅम १६ जीबी पुरेल का?

फक्त रॉ फाइल सुधारून जेपेग काढायची असतील तर ओढूनताणून. अल्बम करत असाल तर नाही.

हिशेब साधा आहे. १२ बाय ३६ ची शीट ३०० डीपीआयला ३६०० बाय १०८०० पिक्सेल होते. ती ८ बिटमध्ये उघडली की फोटोशॉपच्या खालच्या पट्टीत १११.२ एम असा आकडा दिसतो, तोही एका सपाट थराचा. त्यावर पार्श्वभूमी, टेक्श्चर, आठ-दहा फोटो, त्यांचे मास्क, सावल्या. फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून टाकले असतील तर प्रत्येकाची मूळ फाइल आत बसलेली. शीट दीड-दोन जीबीची कधी होते ते कळतही नाही. (पीएसडीची मर्यादा २ जीबी आहे; त्यापुढे सेव्ह होत नाही, पीएसबी निवडावं लागतं.) त्यावर हिस्टरी मुळात ५० पायऱ्यांची असते. एकीकडे लाइटरूम, एकीकडे क्रोमचे टॅब, व्हॉट्सॲपवर नवरीचे 'दादा, हा फोटो बदला' हे निरोप. १६ जीबी तिथेच संपते आणि फोटोशॉप डिस्कवर लिहू लागतं.

म्हणून ३२ जीबी, १६ च्या दोन कांड्या. ४५ मेगापिक्सेलच्या पुढे किंवा पॅनोरमा जोडत असाल तर ६४, ३२ च्या दोन. आज एक घेऊ, पुढे एक टाकू, हा विचार सोडा: एकाच कांडीवर मेमरीचा निम्मा रस्ता बंद राहतो. आणि चारही खाचा भरल्या की डीडीआर५ चा वेग बऱ्याच बोर्डांवर मोठ्या फरकानं खाली येतो. दोन कांड्या चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो हा रॅमच्या पूर्ण वेगाचा पर्याय चालू केल्याशिवाय ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते. हे करायचं दुकानात सर्रास राहून जातं.

प्रोसेसर कोणता?

फोटोशॉपला एका कोअरचा वेग लागतो. लाइटरूमचं प्रिव्ह्यू बनवणं आणि एक्सपोर्ट बरेच कोअर वापरतं. दोन्ही सांभाळणारा मधला मार्ग सहा ते आठ चांगले कोअर हा आहे. एएमडीचा रायझन ५ ७६०० किंवा रायझन ७ ७७००, इंटेलचा आय५ १४४०० हे या कामाला नीट पुरतात. आय९ किंवा रायझन ९ चा फायदा एक्सपोर्टच्या रांगेत दिसतो, हातातल्या स्लायडरला जवळपास नाही; ते पैसे मॉनिटरला द्या.

एएमडीचं एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) अजून चालू आहे, म्हणजे तीन-चार वर्षांनी बोर्ड न बदलता प्रोसेसर वर नेता येण्याची शक्यता आहे. इंटेलचं एलजीए १७०० चौदाव्या पिढीवर संपलं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या जास्त ताकदीच्या प्रोसेसरमध्ये व्होल्टेज चढून मशीन अस्थिर होण्याचा दोष २०२४ मध्ये समोर आला होता. त्यावर कंपनीनं मायक्रोकोडचे अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अशी चिप घेत असाल किंवा वापरत असाल तर बोर्डाचं बायॉस ताजं करून घ्या. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर आतलं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड बिघडलं त्या दिवशी पडदाही काळा.

बोर्डात फार काटकसर नको. एच६१० सारख्या स्वस्त बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा असतात, एम.२ ची (एसएसडीची खाच) बहुधा एकच, आणि तीही तिसऱ्या पिढीच्या वेगाची. बी७६० किंवा बी६५० वर एम.२ च्या किमान दोन खाचा बघा. काही बोर्डांवर दुसरी एम.२ भरली की साटाचं (हार्ड डिस्क जोडायचं) एखादं पोर्ट बंद पडतं. हार्ड डिस्क अचानक 'मेली' असं वाटण्याचं ते एक कारण असतं.

ग्राफिक्स कार्ड लागतं का?

तुम्ही एआय डीनॉइझ (फोटोतले दाणे काढणारी सोय) किती वापरता, यावर सगळं आहे. बाकी कामांना, मास्किंग धरून, साधं कार्डही चालतं. पण एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलेलं डीनॉइझ जवळपास पूर्णपणे कार्डावर चालतं. रात्रीच्या वरातीचे, आयएसओ ६४०० चे ३०० फोटो घ्या. फोटोला १५ सेकंद लागले तर सव्वा तासात काम होतं. ४ मिनिटं लागली तर २० तास. आतल्या ग्राफिक्सवर फोटोमागे मिनिटं मोजायची वेळ खरोखर येते.

८ जीबी मेमरीचं एनव्हिडिया आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० पुरेसं आहे. ३०६० चं १२ जीबीचं रूप चांगल्या स्थितीत मिळालं तर तेही. ४ जीबीची जुनी जीटीएक्स कार्डं या कामाला घेऊ नका. ड्रायव्हर 'स्टुडिओ' नावाचा टाका, 'गेम रेडी' नव्हे.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या पोर्टला लावलेली असते. दुसरी, एचडीएमआयनं जोडल्यावर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज 'लिमिटेड' राहते. काळा रंग राखाडी दिसतो आणि आपण विनाकारण कॉन्ट्रास्ट वाढवत बसतो. ती 'फुल' करा, किंवा सरळ डिस्प्लेपोर्टची केबल वापरा.

एसएसडी किती आणि काय कुठे ठेवायचं?

१ टीबीची एनव्हीएमई (एम.२ खाचेत बसणारी वेगवान एसएसडी) विंडोज, प्रोग्रॅम आणि लाइटरूमच्या कॅटलॉगसाठी (फोटोंची आणि बदलांची नोंदवही). दुसरी २ टीबीची चालू कामाच्या रॉ फाइल आणि फोटोशॉपच्या स्क्रॅच डिस्कसाठी (रॅम संपल्यावर फोटोशॉप लिहितं ती जागा). जुनी कामं फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर. चौथ्या पिढीची एनव्हीएमई सेकंदाला ७००० एमबीपर्यंत वाचते, तिसऱ्या पिढीची ३५०० पर्यंत, साटा एसएसडी ५५०, हार्ड डिस्क दीड-दोनशे. पण ३५०० वरून ७००० वर जाण्याचा फरक फोटोच्या कामात हाताला लागत नाही. दोनशेवरून ५५० चा मात्र लगेच लागतो.

एसएसडी फार स्वस्त असेल तर ती क्यूएलसी (स्वस्त, हळू लिहिणाऱ्या जातीची) असण्याची शक्यता धरा. सुरुवातीचे काही जीबी ती झरझर घेते, कॅश भरली की हार्ड डिस्कच्या पातळीवर येते, आणि ते नेमकं ३०० जीबीचं लग्न कॉपी करताना घडतं. कोणतीही एसएसडी काठोकाठ भरू नका, १५-२० टक्के मोकळी ठेवा.

लाइटरूममध्ये कॅमेरा रॉची कॅश किमान २० जीबी करा आणि ती एसएसडीवर न्या. फोटोशॉपमध्ये स्क्रॅच डिस्क मुळात सी ड्राइव्हच असते; ती बदलली नाही तर सी भरतो आणि 'स्क्रॅच डिस्क्स आर फुल' हा निरोप येतो. कॅटलॉग नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर ठेवता येत नाही, त्यामुळे नॅस (नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) घेतलंत तरी कॅटलॉग मशीनमध्येच राहतो.

हार्ड डिस्क किती टीबीची आणि बॅकअप कसा?

दोन दिवसांचं लग्न, दोन फोटोग्राफर, ४००० क्लिक, २४ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस्ड रॉ साधारण ३० एमबी: १२० जीबी. वर्षाला अशी ४० लग्नं म्हणजे ४.८ टीबी, तेही एकाच प्रतीचे. तेव्हा ८ टीबीच्या दोन, एक मशीनमध्ये आणि एक बाहेर. बाहेरची रोज जोडलेली ठेवू नका. वीज कडाडली किंवा रॅन्समवेअर आलं तर जोडलेलं सगळं एकत्र जातं. तिसरी प्रत दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर, निदान निवडलेल्या फोटोंची आणि कॅटलॉगची.

रेड (दोन डिस्कवर एकच माहिती एकदम लिहिणं) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेलं फोल्डर रेड दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानदारीनं डिलीट करतं. आणि कॅमेऱ्याचं कार्ड दोन प्रती होऊन, दोन्ही उघडून बघितल्याशिवाय फॉरमॅट करू नका. सप्तपदी पुन्हा घेता येत नाही.

कार्ड कॉपी व्हायला फार वेळ लागतो. मशीन हळू आहे का?

बहुधा रीडर जुना आहे. यूएसबी २.० चा रीडर प्रत्यक्षात सेकंदाला ४० एमबीच्या पुढे जात नाही; ६४ जीबीच्या कार्डाला २७ मिनिटं. यूएचएस-१ चं कार्ड चांगल्या रीडरमध्ये ९० देतं, म्हणजे १२ मिनिटं. यूएचएस-२ चं कार्ड आणि त्याच जातीचा रीडर असेल तर चार-पाच. रीडर कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावून बघा. पुढच्या पोर्टची आतली वायर बोर्डाच्या २.० च्या जागी जोडलेली असणं फार नवलाचं नाही.

एसएमपीएस आणि यूपीएस कोणता? आमच्याकडे वीज खेळ करते.

कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) काढून ठेवा. वर सांगितलेल्या मशीनला नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझचा ५५० ते ६५० वॅटचा पुरतो. स्वस्त एसएमपीएस जळताना एकटा जात नाही, बोर्ड आणि डिस्कही सोबत नेतो.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. मशीन, कार्ड आणि मॉनिटर धरता तो काठावर येतो. १००० व्हीएचा घ्या. त्याचं काम अर्धा तास एडिटिंग चालवण्याचं नाही. फाइल सेव्ह करून मशीन बंद करायला पाच मिनिटं मिळाली की झालं. आजचे चांगले एसएमपीएस ॲक्टिव्ह पीएफसीचे असतात आणि काही स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह त्यांना पटत नाही: वीज गेली की यूपीएस वाजतो आणि मशीन तरीही बंद पडतं. शुद्ध साइन वेव्हचा घेतलात की हा प्रश्न मिटतो. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका, तो गरम होताना एकदम खूप वीज ओढतो.

अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसत असेल, कॅबिनेटला हात लावताना झिणझिण्या येत असतील, तर आधी ते दुरुस्त करा, मग मशीन आणा. विदर्भातल्या उन्हाळ्यात खोली ४० अंशांवर गेली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. पुढे जाळी आणि दोन पंखे असलेलं कॅबिनेट घ्या, समोर काच असलेलं नको. कोकणात दमट हवेचा प्रश्न मोठा आहे. तिथे मशीन पावसाळ्यात आठवडा-आठवडा बंद ठेवू नका.

मॅक मिनी घेतला तर?

चांगला पर्याय आहे. २०२४ च्या शेवटी आलेल्या एम४ मॅक मिनीत मुळात १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवण आहे. लाइटरूम त्यावर चपळ चालतं, वीज अगदी कमी खातो, आवाज नाही. अडचण एकच: मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून अल्बमचं काम असेल तर घेतानाच २४ किंवा ३२ ची मागा. अंतर्गत साठवण वाढवायला अ‍ॅपल जे घेतं त्यापेक्षा बाहेरची वेगवान एसएसडी स्वस्त पडते. डीनॉइझ मात्र आरटीएक्स कार्डावर जास्त वेगानं होतं. तुमचं अल्बम डिझाइनचं सॉफ्टवेअर किंवा मराठी टायपिंगचा जुना प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालत असेल, तर प्रश्नच मिटला.

नव्या मशीनवर फोटोशॉपमध्ये मराठी अक्षरं तुटतात. हे हार्डवेअरमुळे का?

नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर टेक्स्ट इंजिनचा पर्याय दिसत असेल तर तो 'वर्ल्ड-रेडी लेआउट' करा (जुन्या आवृत्त्यांत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन') आणि फोटोशॉप पुन्हा उघडा. आधी टाइप केलेल्या मजकुराला पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून तेच पुन्हा लावावं लागतं. नाहीतर 'शुभविवाह' मधली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, आणि पत्रिकेइतक्याच बारकाईनं अल्बम वाचणारे काका प्रत्येक घरात असतात.

असेंबल की ब्रँडेड? आणि कुठून?

फोटोच्या कामाला असेंबल. ब्रँडेड टॉवरमध्ये बऱ्याचदा एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, नंतर कार्ड टाकायला जागाही नसते आणि वायरही. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड सगळ्यांना माहीत आहे. तिथे किंवा तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, तीन दुकानांतून भागाच्या पूर्ण मॉडेल नंबरसकट लेखी कोटेशन घ्या. '३२ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी' एवढंच लिहिलेलं कोटेशन म्हणजे कोरा चेक.

बिल १८ टक्के जीएसटीचं, प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहिलेलं घ्या. नोंदणी असेल तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, आणि प्राप्तिकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा धरता येतो. बिल नसेल तर भाग परदेशातून आडमार्गानं आलेला असू शकतो आणि इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटी नाकारली जाते. तीन वर्षांच्या वॉरंटीपुढे वाचलेले दोन हजार काहीच नाहीत.

मशीन घरी आल्यावर काय तपासायचं?

एएम५ चं मशीन पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. ते रॅमची जुळणी करत असतं; घाबरून स्विच बंद करू नका. विंडोज उघडल्यावर टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग आणि भरलेल्या खाचा बघा. लाइटरूमच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर कार्डाचं नाव दिसतंय ना ते पाहा. मग एखाद्या जुन्या लग्नाच्या ५०० रॉ फाइल एक्सपोर्टला लावा आणि प्रोसेसरचं तापमान बघत राहा. ते काही सेकंदांतच ९५ अंशांवर जाऊन टेकत असेल, तर कूलर नीट बसलेला नाही, किंवा त्याच्या तळावरची प्लास्टिकची पट्टी काढायचीच राहिली आहे. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

पूर्ण पडदा मधल्या राखाडी रंगाचा करून कोपरे बघा. एखादा कोपरा गुलाबी किंवा हिरवट दिसला, तर मॉनिटर बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत परत करा. शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून प्रत्येक डिस्कचे 'पॉवर ऑन अवर्स' वाचा. 'नवी' म्हणून दिलेल्या डिस्कवर एक-दोन तास चालतील. तिथे चार आकडी संख्या दिसली, तर डिस्क, बिल आणि त्या पडद्याचा फोटो घेऊन त्याच दिवशी दुकानात जा.